दोन राज्यं आणि एक वाफा

१ नोव्हेंबर, शनिवार

काल निवृत्त झालो. आज सकाळी नेहमीच्या वेळी उठलो, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट चढवला आणि मग आठवलं की जायचं कुठेच नाही. विजया म्हणाली, "तयार झालाच आहात, तर कोथिंबीर घेऊन या."

ही डायरी तिनंच आणून दिली. "तुमच्या डोक्यात जे चालू असतं ते दिवसभर मला ऐकवू नका, लिहून काढा," असा प्रेमळ सल्ला सोबत होता. तेव्हा लिहितो.

मी भालचंद्र निरगुडकर. उभा जन्म वजनमापे खात्यात गेला. देशभरातल्या दुकानदारांचे काटे तपासले, खोट्या मापांवर धाडी घातल्या. त्याचा परिणाम असा झालाय की कुठलीही गोष्ट दोन पारड्यांत घालून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. कालच्या निरोप समारंभात शाल मिळाली, श्रीफळ मिळालं आणि लांबलचक भाषणं मिळाली. शाल विटकरी रंगाची आहे. मी म्हटलं, "घरात शालींचा ढीग आहे, ही कुणाला तरी देऊन टाक." विजयानं ती गालाला लावून बघितली. म्हणाली, "ऊब चांगली आहे हो," आणि कपाटात ठेवून दिली.

आता खरा प्रश्न घराचा. आर. के. पुरमचं हे सरकारी क्वार्टर एप्रिलच्या आत रिकामं करायचंय. दिल्लीत घर घेणं आपल्या आवाक्याबाहेर. पुण्याला परत जाण्यात अर्थ नाही, कारण मुलं इथे. हेरंब आणि त्याची बायको अनुष्का गुरुग्रामला, म्हणजे हरियाणात. मैत्रेयी आणि जावई परीक्षित गाझियाबादला, म्हणजे उत्तर प्रदेशात. दिल्ली मध्ये, आणि दोन्ही पोरं दोन बाजूंच्या दोन राज्यांत. मुलांच्या घरात राहायचं नाही हे आम्ही आधीच ठरवलंय. त्यांच्या जवळपास आपलं वेगळं घर बघायचं. पण कुठल्या राज्यात?

विजयाला विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही ठरवा."

हे तिचं मोठेपण. सोलापूर, भोपाळ, जयपूर, दिल्ली, जिथे बदली झाली तिथे ती ट्रंक भरून निघाली. इथे पहाडगंजच्या मराठी शाळेत इतकी वर्षं शिकवलं, तेही कुरकुर न करता. तिची कधी कसली अटच नसते. असं माणूस मिळायला भाग्य लागतं.

९ नोव्हेंबर, रविवार

माझी योजना सर्वांना पसंत पडली. महिनाभर हरियाणात राहायचं, मग उत्तर प्रदेशात, आणि मग निर्णय. आज हेरंबच्या घरी दाखल झालो.

कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निवडणूक लागल्यासारखं वातावरण आहे. हेरंबनं सकाळी रुंद रस्त्यांचे फोटो टाकले. परीक्षितनं लगेच त्यांच्या घराजवळच्या मेट्रो स्टेशनचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "बाबा, इथून थेट मंडी हाऊस, नाटक बघा नि घरी या." हेरंब म्हणतो, "मेट्रो इथेही आहे यार." परीक्षित म्हणतो, "आहे, पण तिच्यापर्यंत पोचायला दुसरी मेट्रो लागते." अनुष्कानं हसणारी तोंडं टाकली. सून नवी आहे, लग्न मे महिन्यात झालं. पण बाजू कुणाचीच घेत नाही, हुशार आहे.

हवेबद्दल मात्र दोन्ही राज्यांना समान गुण. धूर सगळीकडे एकसारखा, पक्षपात नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज खाली फिरायला गेलो तर सोसायटीच्या फाटकावरचा चौकीदार म्हणाला, "रै ताऊ, कित चाल्या?"

मी ताऊ! क्लास वन अधिकारी म्हणून निवृत्त झालो आणि बाराव्या दिवशी ताऊ. शिवाय "कुठे निघालात" हे विचारणारा हा कोण? हेरंब म्हणाला, "बाबा, ताऊ म्हणजे थोरले काका, रिस्पेक्ट आहे तो, बिल्कुल मनावर घेऊ नका." विजया तोंडाला पदर लावून हसत होती.

सोसायटी चकचकीत आहे. लिफ्टमध्ये आरसा, तळमजल्यावर पोहण्याचा तलाव, त्यात कुणी पोहत नाही. मागच्या भिंतीपलीकडे मात्र जुनं गाव तसंच आहे. भिंतीला एक लहानसं दार आहे, त्यातून पलीकडे गेलं की गोठे, गोवऱ्यांच्या राशी, विटांची घरं. विजया त्या दारातून दूध आणायला गेली आणि बऱ्याच वेळानं परतली. मी काळजीत. ती आली ती हातात दुधाची बरणी आणि केसात गवताची काडी घेऊन.

"म्हैस नुकती व्यालीय तिची," म्हणाली. जणू कुणाच्या घरी बारसं आहे.

२० नोव्हेंबर, गुरुवार

विजयाच्या दूधवालीचं नाव चंद्रप्रभा. सगळे चंद्रो म्हणतात. विजयाच्याच वयाची, उंच, खणखणीत आवाज, दोन म्हशी, एक मुलगा-सून, आणि अंगणात हुक्का! मी एकदाच डोकावलो तर बाई खाटेवर बसून हुक्का ओढत होत्या आणि शेजारी आमची विजया पाय वर घेऊन बसली होती. चंद्रोनं मला नमस्कार वगैरे काही केला नाही. म्हणाली, "आ ज्या ताऊ, बैठ ज्या." मी काम आहे सांगून निघालो.

घरी विजयाला म्हटलं, "ही माणसं रांगडी आहेत, नाही?"

"आहेत," ती म्हणाली. "आमच्या मळ्यावर अशीच होती."

तिचं माहेर सांगलीकडचं, कृष्णाकाठचं. वडिलांचा वांग्याचा मळा होता. लग्नानंतर त्याचा विषय कधी फारसा निघाला नाही, कारण आमच्याकडे सगळे नोकरदार. सरकारी क्वार्टर नेहमी दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या मजल्यावर मिळालं. त्यात कुंडीत तुळस, बाकी काही नाही.

भाषेच्या बाबतीत हरियाणाला कमी गुण द्यावे लागतील.

३० नोव्हेंबर, रविवार

एक गमतीची गोष्ट. चंद्रोच्या गोठ्यामागे थोडी मोकळी जागा आहे. तिनं विजयाला त्यातला तुकडा वापरायला दिला. विजयानं तिथे वाफा केला, मेथी पेरली, कोथिंबीर पेरली. चाकवत तर तिथे आपोआपच उगवलेला आहे, त्याला हे लोक बथुआ म्हणतात. रात्रीच्या जेवणात चाकवताची ताकातली भाजी होती. दिल्लीत इतकी वर्षं काढली पण ही चव विसरूनच गेलो होतो. भाजीला पूर्ण गुण, अर्थात ते राज्याला द्यायचे की विजयाला, हा प्रश्न आहे.

तिनं विचारलं, "बघायला येता का वाफा?" मी म्हटलं, "येईन की, उद्या." उद्या हेरंबबरोबर घरं बघायला जायचंय.

ती हल्ली सकाळचा चहा गार देते. म्हणजे चहा करून ठेवते आणि पलीकडे निघून जाते.

७ डिसेंबर, रविवार

घरं बघून झाली. सर्वसाधारण मत: रस्ते रुंद, पण चालायला फुटपाथ नाही. दूध-दही उत्तम, पण पाणी टँकरनं. माणसं मोकळी, पण जरा जास्तच मोकळी. काल लिफ्टमध्ये एका अनोळखी माणसानं मला पेन्शन किती ते विचारलं.

विजयानं आज पुन्हा विचारलं, "मेथी उगवलीय. येता का?" गुडघा दुखत होता. तिला म्हटलं, फोटो काढून आण. तिनं फोटो काही आणला नाही, विसरली असेल.

१४ डिसेंबर, रविवार

आज राज्य बदललं. सकाळचा नाश्ता हरियाणात, दुपारचं जेवण दिल्लीत आमच्या क्वार्टरमध्ये, रात्रीचं जेवण उत्तर प्रदेशात. पूर्वीच्या राजांना यासाठी मोहीम काढावी लागायची, आम्हाला एक टॅक्सी पुरली.

निघताना विजया म्हणाली, "अजून आठवडाभर थांबलो तर? मेथी आत्ता कुठे बोटभर झालीय." मी म्हटलं, "अगं, मेथी गाझियाबादलाही मिळते." तिनं पिशवी उचलली. चंद्रो दारापर्यंत पोचवायला आली होती. विजयाच्या हातात तिनं तुपाचा डबा दिला आणि दोघी मिठी मारून उभ्या राहिल्या. बायकांचं मन हळवं असतं. महिन्याभराची तर ओळख.

१६ डिसेंबर, मंगळवार

वा! याला म्हणतात शेजार. मैत्रेयीच्या खालच्या मजल्यावर मुरलीधरजी राहतात. निवृत्त हिंदी प्राध्यापक, बुद्धिबळाचे शौकीन. "आइए निरगुडकर साहब, तशरीफ रखिए," म्हणून स्वतः खुर्ची सरकवली. प्रत्येक वाक्यात 'आप'. माझा वजीर मारतानासुद्धा "गुस्ताखी माफ" म्हणाले. हरल्याचं दुःखच झालं नाही.

इथे वायरींचं जाळं आहे, माकडं आहेत, हॉर्न वाजवणं हा लोकांचा आवडता छंद दिसतो. पण मेट्रो दारात आहे आणि मराठी माणसं सगळीकडे आहेत. काल मंडळाच्या भजनाला गेलो तर एक जण पैठणचे, एक धुळ्याचे. विजयाही आली. भजनात तिचा आवाज छान लागतो.

२४ डिसेंबर, बुधवार

मुरलीधरजींच्या वरचं घर, म्हणजे मैत्रेयीच्या समोरचं, रिकामं होतंय. मालक दुबईला, चावी मुरलीधरजींकडे. उजेड भरपूर, हॉल मोठा. मी मनातून जवळजवळ ठरवलंच आहे. लेक समोरच्या दारात, खाली बुद्धिबळ, कोपऱ्यावर मेट्रो. विजयाला आणखी काय हवं? आईला मुलीजवळच बरं वाटतं, हे जगजाहीर आहे.

तिला घर दाखवलं. तिनं सगळ्या खोल्या फिरून बघितल्या आणि बाल्कनीत जाऊन उभी राहिली. खाली सिमेंटचं पार्किंग आहे. "उजेड आहे," म्हणाली.

"मग? आवडलं ना?"

"तुम्ही ठरवा."

रोज संध्याकाळी तिचा चंद्रोशी व्हिडिओ कॉल असतो. पलीकडून चंद्रो फोन जमिनीवर धरते आणि या दोघी मेथी बघत बसतात. "बेबे, देख, कितनी हरी हो री सै!" बेबे म्हणजे बहीण. मी चष्मा लावून डोकावलो तर पडद्यावर नुसतं हिरवं. दोन शिकल्यासवरल्या माणसांच्या घरात संध्याकाळचा कार्यक्रम म्हणून पालेभाजी बघितली जाते, हे कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

४ जानेवारी, रविवार

निकाल लागला. आज दुपारी मैत्रेयीकडे सगळे जमले होते, हेरंब-अनुष्काही आले होते. पुरणपोळी झाल्यावर मी उभा राहून जाहीर केलं: उत्तर प्रदेश. कारणंही सविस्तर सांगितली. भाषा, वाहतूक, शेजार, मराठी मंडळ. परीक्षितनं टाळ्या वाजवल्या. हेरंबचा चेहरा जरा उतरला, पण म्हणाला, "चलो, ठीक आहे बाबा, रविवारी येऊ आम्ही." मुरलीधरजींना लगेच होकार कळवला. ते म्हणाले, "जहेनसीब!" म्हणजे अहोभाग्य.

मैत्रेयी मात्र आईकडे बघत होती. "आई, तुला चालेल ना?"

"बाबांनी सगळा विचार केलाय," विजया म्हणाली आणि ताटं उचलायला लागली.

रात्री झोपताना विजया म्हणाली, "चंद्रोला सांगावं लागेल, तो वाफा दुसऱ्या कुणाला दे म्हणून."

मी म्हटलं, "सांग की, संक्रांतीला जाणारच आहोत." निर्णय झाला की डोकं कसं हलकं होतं! आज शांत झोप लागेल.

१३ जानेवारी, मंगळवार

गुरुग्राम. उद्या अनुष्काची पहिली संक्रांत. काळी चंद्रकळा आणली आहे, हलव्याचे दागिने पुण्याहून मागवलेत. संध्याकाळी हळदीकुंकू, त्याला मैत्रेयी-परीक्षितही येणार. अनुष्का दिल्लीतल्या द्वारकेत वाढलेली, तिला सगळ्याचं अप्रूप. "आई, हे खाऊ पण शकतो?" म्हणत बाजूबंदाचा एक दाणा तिनं तोंडात टाकलाच.

विजया दुपारी वाफ्याकडे गेली होती. आल्यावर बराच वेळ नळाखाली हात धूत होती. डोळे लाल दिसले. थंडी फार आहे इथे, बाधली असणार.

१४ जानेवारी, बुधवार. सकाळी

घोटाळा झालाय. उठलो तर विजया घरात नाही. चहा गारही नाही, मुळात केलेलाच नाही. अनुष्काला विचारलं तर ती म्हणाली, "बाबा, आई ना... रुसल्या आहेत. चंद्रो आंटींकडे जाऊन बसल्यात. म्हणाल्या, येणार नाही."

विजया आणि रुसली? इतक्या वर्षांत ती कधी रुसून शेजारी जाऊन बसलेली नाही. मी काय केलं असेल? काल रात्री मोजे सापडत नाहीत म्हणून जरा आवाज चढला होता खरा. की गुरुग्रामच्या चहाला नावं ठेवली म्हणून? चपला घालून निघालोच होतो, तेवढ्यात हेरंबनं धरलं आणि पोट धरून हसायला लागला.

ही इथली पद्धत आहे म्हणे! हरियाणात संक्रांतीला सासू रुसून शेजारच्या घरी जाऊन बसते. मग नवी सून आळीतल्या बायका घेऊन, गाणी म्हणत तिला मनवायला जाते. शाल द्यायची, गोड खायला घालायचं, पाया पडायचं, की सासू हसत घरी येते. चंद्रोनं काल विजयाला सांगितलं, "तेरी बी नई बहू सै, तू बी रूस ज्या." आणि विजया कबूल झाली. अनुष्का आमची खेळकर, तिनं लगेच शाल आणून ठेवली.

जिवात जीव आला. स्वतःच चहा केला. साखर जास्त झाली, पण प्यायलो.

त्याच दिवशी, दुपारी

मिरवणूक झकास निघाली. अनुष्का पुढे, काळी साडी, अंगभर पांढरे हलव्याचे दागिने, आणि मागे ओढण्या घेतलेल्या हरियाणवी बायका, ताटात तिळाचे लाडू आणि चुरमा. आमचा सण आणि त्यांचा सण भिंतीतल्या लहानशा दारात एकमेकांना भेटले. पुरुषांना आत प्रवेश नाही. मी आणि हेरंब दाराशी थांबलो. आतून गाणी, हशा.

मग बराच वेळ झाला. गाणी थांबली. अनुष्का एकटीच बाहेर आली, गोंधळलेली. "बाबा, आई मानत नाहीयेत."

"शाल दिलीस?"

"दिली. घेतली त्यांनी, माझा मुका घेतला, लाडू पण खाल्ला. पण उठतच नाहीत. म्हणतात, सुनेवर माझा रुसवाच नाही."

मला फार हसू आलं. विजयाच्या अंगात इतकी अभिनयकला असेल असं वाटलं नव्हतं. शाळेच्या स्नेहसंमेलनात ती मुलांची नाटकं बसवायची, त्याचाच हा परिणाम. अनुष्काला म्हटलं, "लांबवतेय थोडं, मजा घेऊ दे तिला." आणि घरी येऊन हे लिहीत बसलोय.

जेवायची वेळ टळून गेली. विजया अजून आलेली नाही. अभिनय फारच लांबतोय.

आत्ता मैत्रेयी आली. तिला सगळं हसत हसत सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "बाबा, तुम्हाला खरंच कळलं नाही?"

"काय कळायचंय?"

"आई महिनाभर आमच्याकडे होती. एकदाही स्वतःहून बाल्कनीत बसली नाही. फक्त फोनवर मेथी बघायला बसायची. मला ती समोरच्या घरात हवीच होती, म्हणून मीही तुम्हाला बोलले नाही." ती माझ्या शेजारी बसली. "तिला इथे राहायचंय, बाबा."

मी म्हटलं, "मग बोलायचं की! मी दर वेळी विचारलं तिला."

"विचारलंत. आणि ती बोलायच्या आत पुढचं बोललात."

पेन खाली ठेवतो.

संध्याकाळी

विजया गुरुग्रामला येताना कपाटातली माझी निरोप समारंभाची शाल बरोबर घेऊन आली होती, थंडी म्हणून. तिच्या पिशवीतून ती काढली. विटकरी शाल. घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

भिंतीचं दार ओलांडून गेलो. गुडघ्याचं भान राहिलं नाही. चंद्रोच्या अंगणात बायका ऊन खात बसल्या होत्या, मध्ये खाटेवर विजया, अनुष्कानं दिलेली शाल मांडीवर. मला बघताच कुणीतरी फिसकन हसलं. पुरुष मनवायला आलेला त्यांनी कधी बघितला नसावा.

चंद्रोनं हुक्क्याची नळी बाजूला केली. "आ ज्या ताऊ. या तेरे तै रूस री सै, बहू तै कोनी."

"कळलं मला, सुनेवर नाही, माझ्यावर रुसलीय ती," मी मराठीतच म्हणालो. तिलाही कळलं असावं, कारण तिनं सरकून खाटेवर जागा केली.

मी विजयाच्या खांद्यावर शाल घातली. इतकी भाषणं ऐकली, केली, पण अशा प्रसंगाचं एकही नाही. शेवटी एवढंच विचारलं, "तुला कुठे राहायचंय?" आणि या वेळी गप्प बसलो. अवघड होतं. जिभेवर तीन वाक्यं आली होती, तिन्ही गिळली.

विजया पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "इथे." आणि लगेच, "मला जमिनीवर पाय टेकवायचेत हो. दूध काढायला येतं मला, तुम्हाला माहीत तरी आहे का? वाफे करायला येतात. लग्नाआधी मी दिवसभर मळ्यात असायचे. मुलीजवळ राहावंसं वाटत नाही असं नाही. पण मैत्रेयीला भेटायला मेट्रो आहे. मेथीला भेटायला मेट्रो नाही." बोलता बोलता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि हसूही आलं. "तुमच्या बुद्धिबळाचं काय, तेवढं मात्र मला कळत नाही."

माझेही डोळे भरून आले. लाज वाटली आणि त्याहून जास्त आनंद झाला. या बाईला काहीतरी हवं आहे, आणि ते तिनं माझ्याकडे मागितलं आहे! याहून मोठा सत्कार मला कुणी केलेला नाही.

"बुद्धिबळाला मेट्रो आहे," मी म्हटलं.

तिथूनच मुरलीधरजींना फोन लावला, सगळ्या बायकांसमोर. अडखळत सांगितलं की घर घेता येत नाही, घरच्या मंडळींचा विचार वेगळा आहे. ते म्हणाले, "भाभीजी का हुक्म सर-आँखों पर. लेकिन मंगलवार की बाजी पक्की रहेगी, साहब." फोन स्पीकरवर होता. अंगणात हशा पिकला. उत्तर प्रदेशाला भाषेचे पूर्ण गुण, ते कुणी कमी करू शकत नाही.

चंद्रो म्हणाली, "ले बेबे, इब तो मान गी? उठ ज्या." बायकांनी पुन्हा गाणं धरलं. मैत्रेयी दारात उभी होती. तिनं येऊन आईच्या गळ्यात हात घातले. मग विजया उठली. खांद्यावरची विटकरी शाल सारखी केली, डोळे पुसले आणि एकदम नेहमीच्या आवाजात म्हणाली, "अगोबाई, तुम्ही जेवला नाहीत! चला, पानं वाढते."

भूक तर सपाटून लागली होती. पण मी चपला काढून खाटेखाली सरकवल्या.

"जेवण नंतर," मी म्हटलं. "आधी तुझा वाफा दाखव."